बंद करण्यापुरतेही पैसे नव्हते, म्हणून वाचलेली रेल्वे

१/
१ ऑगस्ट १९४६. वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातील एका अरुंद लोहमार्गावरची दगडवाहतूक त्या दिवशी थांबली. इंजिने कारखान्यात जशी होती तशीच उभी राहिली, वाघिणी रुळांवरच राहिल्या आणि पुढच्या काही वर्षांत काटेरी झुडपांनी मार्ग झाकून टाकला. आज त्याच मार्गावरून वाफेची गाडी प्रवाशांना घेऊन डोंगर चढते. मालवाहतुकीसाठी जन्मलेला आणि मृत मानला गेलेला हा मार्ग पुन्हा कसा सुरू झाला, याचा हा धागा.

२/
मार्गाचे नाव फेस्टिनियॉग रेल्वे. समुद्रकाठच्या पोर्थमॅडोग बंदरापासून डोंगरातील ब्लायनाय फेस्टिनियॉग या खाणींच्या गावापर्यंत साडेतेरा मैल, म्हणजे सुमारे २१.७ किलोमीटर. दोन रुळांमधील अंतर अवघे ५९७ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजमध्ये हे अंतर १,६७६ मिलिमीटर असते, माथेरानच्या गाडीच्या मार्गात ६१०. म्हणजे ही रेल्वे माथेरानच्या गाडीपेक्षाही किंचित अरुंद.

३/
या मार्गाचे कारण एकच होते : पाटीचा दगड. शाळेत ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली जात, तिचाच हा दगड. तो पातळ थरांत सुटतो, पाणी शोषत नाही आणि छपरावर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. औद्योगिक क्रांतीच्या काळात इंग्लंडमधील शहरे झपाट्याने वाढत होती, लाखो नव्या घरांना छप्पर हवे होते. ब्लायनायच्या डोंगरांत ते छप्पर दडलेले होते. अडचण होती ती डोंगरावरून खाली आणण्याची.

४/
रेल्वेपूर्वी हा दगड आधी जनावरांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून उतरत असे, मग ड्वरिड नदीतील लहान होड्यांत भरला जाई आणि नदीच्या मुखाशी पुन्हा जहाजांत चढे. पातळ फरश्या प्रत्येक चढउतारात फुटत, खर्च वाढे. १८११ मध्ये विल्यम मॅडॉक्स या जमीनदाराने खाडीवर सुमारे मैलभर लांबीचा बांध घालून जमीन कोरडी केली होती. त्याच्या टोकाशी १८२० च्या दशकात बंदर उभे राहिले. आता खाणींपासून थेट जहाजापर्यंत एकच मार्ग आखणे शक्य झाले.

५/
२३ मे १८३२ रोजी ब्रिटिश पार्लमेंटने या रेल्वेचा स्वतंत्र कायदा संमत केला. डब्लिनचा उद्योजक हेन्री आर्चर, खाणमालक सॅम्युएल हॉलंड आणि आखणीचे काम करणारा जेम्स स्पूनर ही त्यामागची प्रमुख माणसे. कायद्यात गावाच्या नावातील आरंभीच्या दोन ‘एफ’पैकी एकच उमटला आणि कंपनीचे अधिकृत नाव आजही तसेच आहे. हा कायदा लक्षात ठेवावा. या कथेचा शेवट त्यानेच बदलला.

६/
२० एप्रिल १८३६ रोजी मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावर एकही इंजिन नव्हते. स्पूनरची कमाल आखणीत होती. डोंगरउतारांना वळसे घालत, ठिकठिकाणी दगडी भराव बांधत त्याने असा मार्ग काढला की वरून खालीपर्यंत सतत उतारच लागावा : सरासरी ९२ फूट चालीला एक फूट उतार. भरलेल्या वाघिणी केवळ गुरुत्वाकर्षणाने, स्वतःच्या वजनाने बांधापर्यंत घरंगळत येत. त्याला सुमारे दीड तास लागे.

७/
रिकाम्या वाघिणी वर नेण्याचे काम घोड्यांचे. त्या चढाला जवळपास सहा तास लागत. पण उतरताना घोडे चालत नसत. प्रत्येक गाडीला त्यांच्यासाठी एक खास वाघीण जोडलेली असे. घोडे तिच्यात उभे राहून, समोरचे गवत चघळत बंदरापर्यंत येत. डोंगर चढण्याचे कष्ट करून घोड्याने गाडीत बसून परतावे, अशी सोय त्या काळी क्वचितच कुठे असेल.

८/
ब्रेक लावणाऱ्या माणसांचा प्रवास मात्र इतका निवांत नव्हता. दगडाने भरलेल्या, एकमेकींना जोडलेल्या वाघिणींची लांब रांग, इंजिन नाही, आणि वेग केवळ हाताच्या ब्रेकवर आवरायचा. वेल्सच्या पावसात भिजलेल्या रुळांवर, उतरत्या वाघिणींवरून पुढेमागे जात ही माणसे गाडी ताब्यात ठेवत. चूक झाली तर सावरायला पुढे फक्त उतारच होता. शंभराहून अधिक वर्षे या मार्गाचे अर्थकारण त्यांच्या मनगटावर चालले.

९/
मागणी वाढली तसे घोडे अपुरे पडू लागले. जेम्सनंतर त्याचा मुलगा चार्ल्स ईस्टन स्पूनर याने सूत्रे हाती घेतली होती. इतक्या अरुंद मार्गावर वाफेचे इंजिन चालणार नाही, असे तेव्हाच्या नामवंत अभियंत्यांचे मत होते. तरीही १८६३ मध्ये लंडनच्या जॉर्ज इंग्लंड कंपनीची छोटी इंजिने येथे दाखल झाली. त्या पहिल्या तुकडीतील ‘प्रिन्स’ नावाचे इंजिन या कथेत पुढे पुन्हा भेटेल.

१०/
१८६५ मध्ये सरकारी तपासणीनंतर प्रवासी वाहतुकीला परवानगी मिळाली. अरुंद मापाच्या मार्गावरची ब्रिटनमधील ही पहिली अधिकृत प्रवासी सेवा. म्हणजे पहिली जवळपास तीस वर्षे हा निव्वळ मालमार्ग होता. प्रवासी आले, तरी पैसा दगडातूनच येत होता. भरभराटीच्या काळात वर्षाला लाखाहून अधिक टन दगड या दोन बारीक रुळांवरून बंदरात उतरत असे.

११/
पुढची अडचण जागेची होती. वाढत्या वाहतुकीसाठी दुसरी रूळजोडी टाकायची तर डोंगर फोडावा लागणार. त्याऐवजी रॉबर्ट फेअरली या अभियंत्याची कल्पना स्वीकारली गेली. १८६९ मध्ये ‘लिटल वंडर’ हे इंजिन आले. दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडावीत, तशी त्याची घडण होती. दोन्ही टोकांना चिमणी, मध्ये चालक, आणि चाकांचे दोन संच स्वतंत्रपणे वळणारे. तीव्र वळणांवरही ते सहज फिरे आणि एका साध्या इंजिनाहून कितीतरी अधिक भार ओढे.

१२/
१८७० मध्ये या इंजिनाच्या जाहीर चाचण्या झाल्या. त्या पाहण्यासाठी रशियाच्या झारने नेमलेले मंडळही वेल्समध्ये आले होते. डोंगराळ किंवा गरीब प्रदेशात मोठ्या मापाचा खर्च न परवडणाऱ्या राज्यकर्त्यांना येथे पर्याय दिसला. दोन फुटी मार्गावर वाफेची प्रवासी गाडी भरवशाने चालते, हे सिद्ध झाले होते. १८८१ ची दार्जिलिंगची गाडी आणि १९०७ ची नेरळ–माथेरान गाडी, दोन्ही याच दोन फुटी कुळातल्या.

१३/
यशाच्या शिखरावरच उतरण सुरू झाली. १८७९ मध्ये एका मोठ्या रेल्वे कंपनीने उत्तरेकडून डोंगराखाली लांब बोगदा खोदून ब्लायनाय गाठले, १८८३ मध्ये दुसरी कंपनी पूर्वेकडून आली. आता दगड जहाजात न चढवता थेट इंग्लंडभर जाऊ लागला. पुढे भट्टीत भाजलेल्या स्वस्त कौलांनी पाटीच्या दगडाची बाजारपेठ खाल्ली. खाणी आक्रसल्या, तसा मार्गही.

१४/
दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कंपनीने सहलीला येणाऱ्या प्रवाशांवर आशा ठेवली. उन्हाळ्यात लोक येत, पण हिवाळा रिकामा जाई आणि बसगाड्यांनी स्थानिक प्रवासी पळवले होते. दुसरे महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, प्रवासी सेवा थांबली. युद्धकाळात अधूनमधून दगडाच्या गाड्या तेवढ्या धावत राहिल्या. ज्या कामासाठी मार्ग जन्मला होता, तेवढेच काम अखेरीस उरले. १९४६ मध्ये तेही संपले.

१५/
साधारणतः अशा वेळी पुढचे टप्पे ठरलेले असतात. कंपनी मोडीत निघते, रूळ उखडून भंगारात जातात, जमीन तुकड्यातुकड्याने विकली जाते. दहा वर्षांनी एखादी भिंत आणि एखादा पूल तेवढा उरतो. ब्रिटनमध्ये शेकडो मार्गांचे असेच झाले. फेस्टिनियॉगचे झाले नाही. त्यामागे कुणाची दूरदृष्टी नव्हती. कारण अगदी रूक्ष होते, आणि ते १८३२ च्या कायद्यात दडलेले होते.

१६/
ही कंपनी पार्लमेंटच्या खास कायद्याने निर्माण झाली होती. त्या कायद्यात मार्ग कसा बांधावा, भाडे किती घ्यावे, जमीन कशी संपादन करावी, हे सारे होते. मार्ग सोडून कसा द्यावा, याची तरतूद मात्र नव्हती. १८३२ मध्ये रेल्वे बंद पडू शकते, ही कल्पनाच कुणाला शिवली नसावी. परिणामी मार्ग कायदेशीरपणे बंद करायचा, तर पार्लमेंटकडून नवा कायदा मिळवणे भाग होते. तो मिळवण्याचा खर्च या कफल्लक कंपनीला झेपणारा नव्हता.

१७/
गाड्या चालवायला पैसे नाहीत आणि बंद करायलाही पैसे नाहीत, अशा पेचात कंपनीने तिसरा मार्ग पत्करला : काहीच न करणे. ब्लायनाय गावातील एक छोटा तुकडा खाणवाल्यांनी भाड्याने घेऊन वापरात ठेवला. उरलेला मार्ग निसर्गाच्या स्वाधीन झाला. बोगद्यांत पाणी ठिबकत राहिले, स्लीपर कुजले, बॉस्टन लॉजच्या कारखान्यात अर्ध्या दुरुस्तीतले इंजिनांचे भाग तसेच पडून राहिले. कंपनी मात्र कागदोपत्री जिवंत होती, आणि जमिनीची ती सलग पट्टी तिच्याच मालकीची होती.

१८/
या पट्टीचे मोल समजून घेणे आवश्यक आहे. रूळ नवे आणता येतात, इंजिन दुरुस्त होते, पूल पुन्हा बांधता येतो. परंतु शेकडो शेतांतून, घरांमागून, डोंगरकडांवरून जाणारी एकवीस किलोमीटरची अखंड जमीन एकदा विकली गेली की ती पुन्हा जुळवणे जवळपास अशक्य होते. मध्ये एका ठिकाणी जरी घर उभे राहिले, तरी मार्ग तुटतो. गंजलेल्या रुळांखाली येथे ही अखंडता शाबूत राहिली होती.

१९/
मे १९५१ मध्ये याच परिसरातील टॅलिलिन या दुसऱ्या एका छोट्या दगडवाहू रेल्वेने इतिहास घडवला. मालकाच्या मृत्यूनंतर ती बंद पडणार असे दिसताच लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या बळावर गाडी चालू ठेवली. रेल्वे चालवणे हे केवळ सरकारचे किंवा भांडवलदाराचे काम नाही, हौशी माणसेही ती जबाबदारी पेलू शकतात, हे जगात प्रथमच दिसले. मात्र टॅलिलिन कधी पूर्ण थांबली नव्हती. फेस्टिनियॉग वर्षानुवर्षे झोपलेली होती.

२०/
तिला उठवण्याची हाक दिली ती लिओनार्ड हीथ हम्फ्रीज या सतरा वर्षांच्या मुलाने. त्याच्या पुढाकाराने ८ सप्टेंबर १९५१ रोजी ब्रिस्टल शहरात या रेल्वेविषयी आस्था असलेल्या मोजक्या लोकांची बैठक भरली. त्या मुलाकडे पैसा नव्हता, अधिकार नव्हता. पण एकेकट्याने हळहळणाऱ्या माणसांना त्याने एका खोलीत आणले. तेथून स्वयंसेवकांच्या संघटनेचा पाया घातला गेला.

२१/
आस्थेने झुडपे तोडता येतात, कंपनीचा ताबा मिळत नाही. कंपनीवर जुनी कर्जे होती आणि समभाग विखुरलेले होते. जवळपास तीन वर्षे वाटाघाटी चालल्या. अखेर ॲलन पेग्लर या तरुण उद्योजकाने वडिलांकडून ३,००० पाउंड मिळवून जून १९५४ मध्ये कंपनीचा ताबा घेतला. पुढे १९६३ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगप्रसिद्ध इंजिन विकत घेऊन भंगारापासून वाचवणारे पेग्लर हेच.

२२/
पेग्लर यांचा खरा मोठेपणा खरेदीनंतरच्या निर्णयात आहे. समभाग स्वतःकडे न ठेवता त्यांनी ते एका सार्वजनिक न्यासाकडे सोपवले. त्यामुळे पुढे कुणा वारसाला किंवा कर्जदाराला ही जमीन बाजारात काढता येणार नव्हती. स्वयंसेवकांनाही खात्री मिळाली की आपले विनामोल श्रम कुणाच्या खासगी नफ्यात जाणार नाहीत. रविवारमागून रविवार चिखलात उभे राहणाऱ्या माणसासाठी ही खात्री महत्त्वाची होती.

२३/
२३ जुलै १९५५. जवळपास सोळा वर्षांनंतर प्रवाशांना घेऊन गाडी निघाली. ती वाफेची नव्हती. एका छोट्या पेट्रोल इंजिनाने पोर्थमॅडोगहून मॅडॉक्सच्या बांधावरून पलीकडच्या बॉस्टन लॉजपर्यंत डबे ओढले. अंतर जेमतेम मैलभर. दोन आठवड्यांच्या आतच १८६३ च्या तुकडीतले ते ‘प्रिन्स’ इंजिन पुन्हा वाफ धरून रुळांवर आले. डोंगरातील उरलेले बारा-साडेबारा मैल अजून झुडपांखालीच होते.

२४/
सुरुवात बांधावरून करण्यामागे हिशेब होता. सहलीला येणारी माणसे समुद्रकाठी उतरत, म्हणून तिकिटे तेथेच खपणार. आधी एक मैल चालवायचा, त्याच्या कमाईतून पुढचा तुकडा मोकळा करायचा. १९५६ मध्ये मिनफोर्द, १९५७ मध्ये पेनरिन, १९५८ मध्ये टॅन-अ-बुल्ख. सारा मार्ग एकदम दुरुस्त करण्याचा आग्रह धरला असता, तर पैसा पहिल्याच हिवाळ्यात संपला असता. चार्ल्स स्पूनरच्या काळी दगडाच्या पैशावर प्रवासी गाडी उभी राहिली होती. आता प्रवाशांच्या पैशावर दगडाची वाट उभी राहत होती.

२५/
नेमक्या याच काळात पुढची वाट पाण्याखाली जात होती. ब्रिटनच्या वीज प्राधिकरणाने ब्लायनायजवळच्या टॅनग्रिशाय येथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आखला होता. रात्री स्वस्त वीज वापरून खालचे पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि मागणीच्या वेळी ते सोडून वीज निर्माण करायची. आपल्याकडे घाटघर प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. त्या खालच्या तलावात मोएलविन बोगद्यापलीकडचा लोहमार्ग बुडणार होता. १९६३ मध्ये ३६० मेगावॅटचे हे केंद्र सुरू झाले.

२६/
या वादात एक बाजू सरळ काळी आणि दुसरी पांढरी नव्हती. खाणी बंद पडत होत्या, ब्लायनायचे तरुण गाव सोडून जात होते. धरण आणि वीजकेंद्र म्हणजे रोजगार. दुसरीकडे रेल्वेची बाजू मांडणारे बरेचसे इंग्लंडहून सुट्टीत येणारे हौशी लोक. स्थानिकांच्या भाकरीपुढे बाहेरच्यांची हौस किती महत्त्वाची, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते. रेल्वे मात्र आठवणींचा आधार न घेता कायद्याचा आधार घेत राहिली : ही जमीन पार्लमेंटच्या कायद्याने कंपनीची आहे, ती घ्यायची तर भरपाई द्या.

२७/
भरपाईचा हा दावा दीर्घकाळ लढला गेला आणि १९७२ मध्ये कंपनीच्या बाजूने लागला. १९४६ मध्ये कंपनी रीतसर मोडीत निघाली असती, तर दावा करायला कुणी उरलेच नसते. जो कायदा कंपनीला मरू देत नव्हता, त्यानेच तिला भांडायला उभे राहण्याची जागा दिली. तथापि निकालाची वाट पाहत हात बांधून बसणे स्वयंसेवकांनी मान्य केले नव्हते.

२८/
जानेवारी १९६५ मध्ये दिआल्त येथे पहिली कुदळ पडली. तलावाला वळसा घालून सुमारे अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा, नवा मार्ग स्वतः खोदायचा असा निर्धार झाला. मार्गाची आखणी आणि कामाचे नेतृत्व जेरल्ड फॉक्स या तरुण स्थापत्य अभियंत्याकडे होते. विद्यार्थी, कारकून, शिक्षक सुट्टीच्या दिवशी येत. पहारी, फावडी, लहान रुळांवरच्या ढकलगाड्या आणि सुरुंग हीच साधने. त्या डोंगरात गाडीरस्ताही पोचत नव्हता.

२९/
अडचण उंचीची होती. तलावाच्या पातळीच्या वर जायचे, तर गाडीला थोड्या अंतरात बरीच उंची गाठायला हवी, आणि चढ मात्र इंजिनाला झेपेल इतकाच असायला हवा. उत्तर दार्जिलिंगच्या मार्गावर ठाऊक असलेलेच होते : वेटोळे. दिआल्तपाशी मार्ग पूर्ण गोल फिरतो आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून वर जातो. ब्रिटनच्या सार्वजनिक रेल्वेवरील असे हे एकमेव वेटोळे. अरुंद मापाची विद्या जगाला देणाऱ्या मार्गाने शंभर वर्षांनंतर डोंगरी रेल्वेची युक्ती स्वतःसाठी वापरली.

३०/
वेटोळ्यानंतर कठीण खडक आडवा आला. जुना मोएलविन बोगदा आता निरुपयोगी होता, नवा खोदणे भाग होते. हे काम हौशी हातांचे नव्हते. कॉर्नवॉलच्या कथिल खाणींत तयार झालेले अभियंते बोलावले गेले आणि १९७५ ते १९७७ या काळात सुमारे २८० मीटरचा नवा बोगदा पूर्ण झाला. १९७८ मध्ये गाडी टॅनग्रिशायला पोचली. १९६५ मध्ये विद्यार्थी म्हणून कुदळ उचललेली माणसे आता चाळिशीकडे झुकत होती.

३१/
२५ मे १९८२ रोजी गाडी ब्लायनाय फेस्टिनियॉगला पोचली. १८३२ च्या कायद्याला तेव्हा १५० वर्षे पूर्ण झाली होती. पोर्थमॅडोगहून निघालेल्या त्या पहिल्या मैलापासून येथवर यायला सत्तावीस वर्षे लागली. ब्लायनायला ब्रिटिश रेल्वेबरोबर सामायिक स्थानक बांधले गेले. त्यामुळे मोठ्या मापाच्या गाडीतून उतरून त्याच स्थानकात छोटी गाडी पकडता येऊ लागली. हा मार्ग पुन्हा देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडला गेला.

३२/
जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीदगड भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात या रेल्वेचाही समावेश आहे. खास प्रसंगी आजही जुन्या वाघिणींची रांग इंजिनाशिवाय, केवळ उतारावर सोडली जाते आणि त्यांवर ब्रेक लावणारी माणसे बसतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पूर्वी ज्यांचे पोट या कामावर होते, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे कुणी नव्हते.

३३/
या यशाच्या कडेला एक सावलीही आहे. ज्या दगडाने हा मार्ग जन्माला घातला, त्याच्या धुळीने ब्लायनायच्या खाणकामगारांची फुफ्फुसे निकामी केली. खाणमालक मोडीत निघाल्याने अनेकांना दाद मागायला कुणी उरले नव्हते. त्यांच्यासाठी सरकारी भरपाईचा कायदा झाला १९७९ मध्ये, गाडी टॅनग्रिशायला पोचल्याच्या दुसऱ्या वर्षी. रेल्वेला जमिनीची भरपाई त्याआधी सात वर्षे मिळाली होती. पर्यटक खिडकीतून पाहतात ते राखाडी ढिगारे म्हणजे त्या कामगारांनी फोडलेल्या दगडाचा टाकाऊ भाग आहे. वारसा सांगताना हेही सांगितले गेले पाहिजे.

३४/
महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ वऱ्हाडच्या कापसासाठी बांधली गेली, ७६२ मिलिमीटरच्या मापावर. तिच्यावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. आता गाड्या थांबल्या आहेत. ती पुन्हा सुरू व्हावी, अशी मागणी वारंवार होते. कुणी ब्रॉडगेज मागतो, कुणी जुन्या रूपातली गाडी. दोन्ही मागण्यांना लागणारी पहिली गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे गावागावांतून जाणारी जमिनीची सलग पट्टी.

३५/
फेस्टिनियॉगच्या बाबतीत ही पट्टी अपघाताने वाचली : बंद करण्याचा खर्च परवडला नाही म्हणून. त्या अपघाताने आठ वर्षांची मुदत दिली. त्या मुदतीत सतरा वर्षांच्या एका मुलाने बैठक बोलावली, एका उद्योजकाने मालकी सोडून दिली आणि नाव न लागणाऱ्या असंख्य माणसांनी सत्तावीस वर्षे हात लावला. ही माणसे नसती, तर मुदत वाया गेली असती. पट्टी विकली गेली असती, तर या माणसांना हात लावायला काही उरले नसते.

३६/
म्हणून बंद पडलेल्या कोणत्याही मार्गाविषयी वाचताना रुळांवरच्या गंजाकडे पाहून निष्कर्ष काढू नये. जमीन कुणाच्या नावावर आहे, ती मध्ये कुठे तुटली आहे का, आणि ती विकण्याचा अधिकार कुणाला आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पोर्थमॅडोगच्या बांधावरून आज निघणारी प्रत्येक गाडी १८३२ साली स्थापन झालेल्या त्याच कंपनीची आहे. कामकाज चालू असलेली जगातील सर्वांत जुनी रेल्वे कंपनी म्हणून ती ओळखली जाते, आणि तिच्या नावात आजही एकच ‘एफ’ आहे.

(धागा समाप्त)